पावावरची बुरशी आणि दोन हिस्टिडिन

आषाढात कैनाडला घरी गेलो की डब्यातला पाव दोन-तीन दिवसांत बुरसतो. आधी राखाडी कापूस, मग टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके. आई तो उकिरड्यावर टाकायला निघते, मी भिंग मागतो. बहुतेक वेळा ही बुरशी ऱ्हायझोपस स्टोलोनिफर असते. याच बुरशीतून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. शंकर आणि सहकाऱ्यांनी आरएनए कापणारं विकर शुद्ध केलं, त्याचं नाव आरएनेझ आरएस. २००२ साली आर. ए. देशपांडे यांच्यासह त्यांनी या विकराच्या कुळाचा, म्हणजे टी-२ चा, सविस्तर आढावा लिहिला. कुळाचं नाव १९५७ पासूनचं, जपानमध्ये सातो आणि एगामी यांनी कोजीच्या बुरशीत सापडलेल्या विकराला दिलेलं.

बुरशी, टोमॅटो, माणूस यांच्या टी-२ विकरांमधल्या अमिनो आम्लांचे क्रम एकाखाली एक मांडले, तर बराच भाग जुळत नाही. दोन छोटे तुकडे मात्र सगळीकडे ओळखू येतात. प्रत्येकात एक कळीचं हिस्टिडिन. एक हिस्टिडिन आरएनएतल्या साखरेच्या हायड्रॉक्सिलचा प्रोटॉन ओढतं, तोच ऑक्सिजन शेजारच्या फॉस्फरसला भिडतो; दुसरं हिस्टिडिन सुटणाऱ्या टोकाला प्रोटॉन देतं. साखळी तुटते. डीएनएत ते हायड्रॉक्सिल नसतं, म्हणून तो वाचतो. मला हे फार देखणं वाटतं.

प्रयोगशाळेत याच देखणेपणाची धास्ती असते. आपल्या त्वचेवर, घामातही आरएनेझ असतं. ते बहुतेक दुसऱ्या कुळातलं, पण त्याचंही काम दोन हिस्टिडिनवरच चालतं. त्या कुळातली काही विकरं उकळली तरी थंड झाल्यावर पुन्हा घडी घालून कामाला लागतात. म्हणून पाण्यात हजारात एक भाग डीईपीसी हे रसायन घालून रात्रभर ठेवायचं. ते हिस्टिडिनच्या कड्यालाच चिकटतं. सकाळी ऑटोक्लेव्ह, म्हणजे उरलेलं डीईपीसी मोडून जातं.

एकदा हातमोज्यानेच फ्रिजची मूठ धरली आणि तसाच नळीचं झाकण उघडत बसलो. संध्याकाळी जेलवर शाबूत आरएनएच्या दोन ठळक पट्ट्या दिसायला हव्या होत्या. दिसला वरून खाली ओघळलेला धुरकट पट्टा. चार दिवसांची पानं कुटून काढलेला आरएनए तो.

तेव्हापासून नळीला हात लावण्याआधी मोजे बदलतो. आणि घरी भिंगाखालची ती काळी डोकी बघताना बोट लावायचं मात्र टाळत नाही.