माशाची बुळबुळ पुसू नका!

मंडळी, बीज सोडलं आणि चार दिवसांत काठाला पांढरी पोटं तरंगायला लागली की आपण म्हणतो, "बीजच खराब होतं." कधी तसं असतंही. पण कधी चूक आपल्या हाताची असते.

मासा हातातून सुळकन निसटतो तो अंगावरच्या बुळबुळीमुळे. ती घाण नाही, त्याचं चिलखत आहे. पाण्यातले जंतू आधी या थरात अडकतात. थरात प्रोटिएज नावाची एन्झाइम असतात. त्यांचं काम प्रथिनं कापण्याचं, जणू बारीक कात्र्याच. जंतूंची प्रथिनं कापून त्या त्यांना कमजोर करतात. बनारस हिंदू विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या रोहू, कटला, मृगळ यांच्या बुळबुळीत ही एन्झाइम मोजली आहेत.

पण कात्री जंतूंकडेही असते! एरोमोनास हा जिवाणू नदी-तलावात असतोच. तोही प्रोटिएज सोडून माशाची कातडी पोखरतो. थर शाबूत, तर मासा टिकतो. थर खरवडला, की तिथे लाल चट्टा, मग जखम.

म्हणून तापीत असो की तुकईथडकडच्या तलावात, एवढं पाळा:

👉 मासा ओल्या हातानेच धरा.
👉 बीजासाठी बिनगाठीचं मऊ जाळं वापरा.
👉 कोरड्या वाळूवर, नावेच्या तापलेल्या फळीवर टाकू नका.
👉 डब्यात दाटी करू नका.
👉 काम सकाळी, गारव्यात उरका.

थर पुन्हा तयार होतो. पण तोवर मासा उघडा असतो, आणि नुकसान आपलं होतं.