लेख पोहोचला, अक्षरे हरवली!

पत्र पत्त्यावर पोहोचले म्हणजे ते वाचता येईलच, असे नाही. याचा प्रत्यय आम्हांला याच अंकाच्या संपादनात आला. लग्न होऊन भोपाळला आलेल्या एका आजीबाईंच्या आठवणी त्यांच्या नातीने दुकानातून टंकलिखित करून घेतल्या होत्या. ती फाईल तिने आमच्या मोबाईलवर पाठविली. उघडून पाहतो तो मराठीचा मागमूस नाही! सर्वत्र रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगा. हस्तलिखित वही पावसात भिजून गेलेली. आजीबाईही आता या जगात नाहीत. मुलीचे डोळे पाणावले.

परंतु काहीही नष्ट झाले नव्हते. संगणक अक्षराचे चित्र नव्हे, तर त्याचा क्रमांक साठवितो. युनिकोड या जागतिक संकेतात ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. आमच्या भागात रूढ असलेला ‘कृतिदेव’ हा टंक मात्र जुन्या पद्धतीचा. त्यात डोळ्यांना ‘क’ दिसतो खरा. पण आत साठविलेला असतो रोमन ‘डी’चा क्रमांक, म्हणजे १००. तो टंक मोबाईलवर नसला, की ‘डी’च्या अंगावरचा ‘क’चा पोशाख उतरतो!

यावर उपाय कोणते? लेख केवळ वाचावयाचा असेल, तर ज्या संगणकावर तो नीट दिसतो तेथेच त्याची पीडीएफ करावी. १९९३ साली आलेल्या या प्रकारात टंकही फाईलबरोबरच बांधून पाठविता येतो. लेखात दुरुस्ती करावयाची असेल, तर परिवर्तकाच्या साह्याने तो युनिकोडमध्ये आणावा. आम्ही तेच केले. मात्र त्यानंतर शब्दन् शब्द ताडून पाहणे अगत्याचे. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले, तर डोंगरातून एकदम समुद्रात! आमची मातृभाषा कोकणी. दर्या आम्हांला प्रिय खरा, पण तो भलत्याच ठिकाणी नको.

छायाचित्रांचीही हीच कथा. संदेशाच्या ॲपमधून साधेपणी पाठविलेले चित्र आकाराने लहान केले जाते व छपाईत अंधुक उमटते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ रूपात पोहोचते. काही फोनमधील ‘हेइक’ प्रकारची चित्रे इतरत्र उघडत नाहीत. ती ‘जेपीईजी’ करून पाठवावीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, उघडत नाही म्हणून मूळ फाईल कधीही पुसू नका. त्या मुलीने ती पुसली नाही, म्हणूनच आजीबाईंच्या आठवणी याच अंकात तुम्हांला वाचावयास मिळत आहेत.