शिंद्यांचे नाव, वालचंदांच्या बोटी

सातारा जिल्ह्यातले कण्हेरखेड हे शिंद्यांचे मूळ गाव. राणोजींचे चिरंजीव महादजी १७६१ साली पानिपतावर पायाला जबर जखम होऊन पडले. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना वाचवले, असे सांगतात. पाय कायमचा अधू झाला. पुढे याच सेनापतीने द बॉयन्य या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या आणि दिल्लीच्या बादशहावर मराठ्यांचा वचक बसवला. १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला त्यांचे निधन झाले.

शिंदे हे आडनाव समुद्रावर गेले ते एका जुन्या बोटीमुळे. १८९१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी बांधलेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. जखमी सैनिकांसाठी तिचे तरंगते इस्पितळ झाले. साम्राज्याशी इमान दाखवायला नावही ठेवले ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे उद्योजकांनी ती घेतली आणि २७ मार्च १९१९ रोजी शिंदे आडनावाच्या इंग्रजी रूपाने ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ ही स्वदेशी कंपनी काढली. ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. १९६४ पासून हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. इंग्रजांच्या सेवेतली बोट इंग्रज कंपन्यांच्याच मक्तेदारीला आव्हान देऊ लागली!

ते सोपे नव्हते. परदेशी कंपन्यांनी दर पाडले. १९२३ मध्ये ‘लॉयल्टी’ भंगारात गेली आणि त्याच वर्षी करार करून सिंदियाला दूरच्या समुद्रावर पाणी सोडावे लागले. उरला फक्त किनाऱ्यावरचा व्यापार. सालबाईच्या तहात महादजी इंग्रज आणि पेशव्यांमध्ये जामीन राहिले होते. त्यांच्या आडनावाच्या कंपनीवर मात्र इंग्रजांच्या अटी मान्य करण्याची वेळ आली. तरी वालचंदांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना उभा केला. १९४८ मध्ये तिथून ‘जलउषा’ पाण्यात उतरली. पुढे तोच कारखाना सरकारी हिंदुस्तान शिपयार्ड झाला.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील सिंदिया स्कूल मात्र खुद्द घराण्याने काढलेले. माधवरावांनी १८९७ मध्ये सरदारपुत्रांसाठी ते सुरू केले. तिथली वसतिगृहे राणोजी, जयाप्पा, महादजी अशा नावांनी ओळखली जातात. शाळेने पूर्वजांची नावे जपली. कंपनीत घराण्याबाहेरच्या माणसांनी त्याच आडनावाखाली नवी लढाई लढली, आणि सागरी दिनाच्या निमित्ताने देशाला आठवण राहिली ती या दुसऱ्या लढाईची.