शिकलेल्या मुलांच्या हाती ऊस रोपवाटिका



लागणीच्या नोंदी घ्यायला आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा उसाचे बोलणे संपता संपता एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, पोरगं बारावी झालंय, कारखान्यात कुठं चिकटतंय का बघा की!" आता चिटबॉयच्या जागा त्या किती, आणि त्याही बहुतेक हंगामापुरत्या.

मुलांना शिकवण्यात आपला भाग मागे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा व शिका' म्हणत शिकणाऱ्याच्या हाती कामही दिले. आपण त्यातले 'शिका' उचलले. 'कमवा' मात्र नोकरीची ऑर्डर येईपर्यंत तहकूब ठेवले.

गावात राहून करण्यासारखा, आमच्या खात्याला पूर्ण माहीत असलेला एक धंदा म्हणजे ऊस रोपवाटिका. दोन डोळ्यांची टिपरी लावायची तर एकरी सुमारे १० हजार, म्हणजे २० हजार डोळे जमिनीत जातात. पाच फुटी सरीत दोन फुटांवर रोप लावले तर एकरी ४,३५६ रोपे पुरतात. शिवाय नांग्या कमी पडतात. उरलेला ऊस काट्यावर जातो, हा हिशेब सभासदांना वेगळा सांगायला नको.

काम अवघड नाही, पण नेटके हवे. बेणे ९ ते १० महिन्यांचे, बेणेमळ्यातलेच घ्यावे, खोडव्याचे नको. एक डोळ्याचे तुकडे बुरशीनाशकात बुडवून, सुकवून, मग ॲसिटोबॅक्टर व स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास ठेवावेत. कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये डोळा वर करून लावावेत आणि कोंब दिसेपर्यंत ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकावेत. मग शेडनेटमध्ये मोकळे मांडून झारीने पाणी. साधारण ३० ते ४० दिवसांत रोप लागणीला येते. पाच एकरांना २१,७८० रोपे लागतात. ४२ कपांचे ५१९ ट्रे झाले, मर धरली तर आणखी थोडे. वही ठेवणारे, जात आणि तारीख लिहिणारे मूल इथे खरे कामाला येते. मुलगी असली तर अधिकच; हजेरी आणि टापटीप यांत मुली सरस ठरतात, असा आमचा अनुभव आहे.

मग घोडे अडते कुठे? बहुतेक वेळा घरात. मुलगा शिकून आला तरी शेडनेटला दोन गुंठे मागितले की वडील म्हणतात, "आधी करून दाखव." जागेशिवाय तो दाखवणार कशात? राबायचे मुलीने आणि पैसे जमा व्हायचे थोरल्या भावाच्या खात्यावर, असेही घडते. तिच्या कामाचे पैसे तिच्याच खात्यावर पडले पाहिजेत, हे आम्ही स्पष्टच लिहितो.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. परगावच्या रोपवाटिकेत जात कोणती याची खात्री नसतानाही लोक रोख मोजतात. भावकीतल्या पोराकडे मात्र उधारी! "नेतो की रे" म्हणून ऐनवेळी न्यायचे नाही. रोप काही गोदामात ठेवायचा माल नव्हे. दीड महिन्याच्या पुढे ट्रेमध्ये राहिले की मुळ्या गुंडाळतात, रोप रोडावते आणि पोराचे भांडवल तिथेच बुडते. म्हणून मागणी तोंडी नको. जात, संख्या व उचलण्याची तारीख लिहून, इसार देऊनच नोंद करावी. पहिल्या वर्षी घरच्या लागणीपुरतीच रोपे करावीत. बँकेचे कर्ज काढून लाखभर रोपांचा पसारा मांडणाऱ्या उत्साही तरुणांना आम्ही थोडे थांबवतो, त्याचा राग मानू नये.

पूर्वहंगामी लागण १५ ऑक्टोबरला धरायची तर ट्रे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरले पाहिजेत. बेण्याचा प्लॉट आतापासूनच राखावा. त्यात गवताळ वाढ किंवा काणी दिसली तर तो ऊस बेण्याला वापरू नये, आणि तोडणीपूर्वी गटातील शेतकी मदतनिसाला प्लॉट दाखवावा. येताना मुलाला किंवा मुलीलाच पुढे पाठवावे.