चौकट : खाणीतली हवा

नागपूर-चंद्रपूरच्या भूमिगत कोळसा खाणींत मिथेनपेक्षा जास्त धसका आपोआप पेटणाऱ्या कोळशाचा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पाय उचलत नाहीत. धोका कळेपर्यंत पळण्याचं बळच उरलेलं नसतं.

मिथेन विषारी नाही, पण हवेत ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरे. २८ मे १९६५ रोजी धोरी (आताचं झारखंड) इथल्या स्फोटात २६८ कामगार गेले. पूर्वी खाणीतला सरदार (सुरक्षा तपासणारा मुकादम) सुरक्षा दिव्याची ज्योत बारीक करून छताजवळ धरायचा. तिच्यावर फिकट निळी टोपी दिसली की मिथेन आहे. आता मीटर आहेत, तरी नजर ठेवावी लागतेच. मिथेन १.२५ टक्क्यांवर गेला की वीज तोडून माणसं बाहेर काढायची, असा नियम आहे.

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणून निर्धास्त होणं सर्वांत धोक्याचं.