श्रद्धा, तर्क आणि पुरावा : सीमारेषा कोठे आखावी?

२१ सप्टेंबर १९९५ रोजी दिल्लीतील एका मंदिरात गणेशमूर्ती दूध प्राशन करीत असल्याची वार्ता पसरली आणि ती त्याच दिवशी लंडनच्या साउथॉलपर्यंत पोहोचली. चमच्यातील दूध कमी होताना असंख्य भाविकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. शासकीय वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ते मूर्तीवरून खाली ओघळत असल्याचे दिसून आले. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून मूर्तीकडे ओढले जात होते. पातळ थरामुळे ते सहज दिसत नव्हते.

भाविक असत्य बोलत नव्हते. दूध कमी झाले, हे त्यांचे प्रत्यक्ष होते. मूर्तीने ते प्राशन केले, हे मात्र अनुमान होते. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. अनुमानासाठी हेतू आणि साध्य यांचा अव्यभिचारी संबंध, म्हणजे व्याप्ती, आवश्यक असते. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, ते याच आधारावर. दूध मात्र अन्य कारणांनीही कमी होऊ शकते. म्हणून तो हेतू नव्हे, हेत्वाभास ठरतो. शब्दप्रमाणातही वक्ता आप्त, म्हणजे यथार्थ जाणणारा आणि यथार्थ सांगणारा, असावा लागतो. दूरध्वनीवरून आलेली वार्ता या कसोटीस उतरत नाही.

हा आग्रह केवळ नास्तिकांचा नाही. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराचे अस्तित्व युक्तिवादानेच प्रतिपादिले.

मग श्रद्धेचे स्थान कोणते? जीवन ही ईश्वराची कृपा आहे, ही भावना प्रयोगशाळेत तपासता येत नाही आणि तशी अपेक्षाही अयोग्य ठरेल. परंतु मंत्राने सर्पदंश बरा होतो, हे भौतिक जगाविषयीचे विधान आहे. त्याला पुरावा द्यावाच लागतो, कारण तेथील चुकीची किंमत रुग्णाच्या प्राणांनी मोजली जाते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजीच्या हत्येनंतर महाराष्ट्रात झालेला जादूटोणाविरोधी कायदा जवळपास हीच रेषा आखतो. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. यात्रा, कीर्तन, प्रवचन यांना मात्र बाधा नाही. श्रद्धा कोणती बाळगावी, हे कायदा सांगत नाही. श्रद्धेच्या नावाने केलेला दावा दुसऱ्याच्या जिवावर बेतू लागला, की तो हस्तक्षेप करतो.