मोटारीला वळसा, सायकलला सरळ वाट

नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला असलेल्या ग्रोनिंगन शहराचे नाव युरोपातील सायकलस्नेही शहरांमध्ये आवर्जून घेतले जाते आणि ॲमस्टरडॅमहून सुमारे २ तासांच्या रेल्वेप्रवासाने शनिवार-रविवारसाठी आलेला पाहुणा त्याचे श्रेय बहुधा सपाट भूमीला, १६१४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना किंवा डच लोकांच्या सवयीला देऊन मोकळा होतो. ही कारणे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत; कारण भूमी आणि विद्यापीठ १९७० च्या सुमारासही होतेच, तरीही ग्रोटे मार्क्ट या मुख्य चौकात तेव्हा मोटारींचीच दाटी असे.

फरक पडला तो सप्टेंबर १९७७ मध्ये अमलात आलेल्या वाहतूक अभिसरण योजनेमुळे. मॅक्स व्हान डेन बर्ग या डाव्या विचारांच्या तरुण नगरकारभाऱ्याच्या पुढाकाराने आखलेल्या या योजनेत शहराच्या मध्यभागाचे चार विभाग पाडण्यात आले आणि एका विभागातून शेजारच्या विभागात मोटारीने थेट शिरण्याची वाट बंद झाली. मोटारवाल्याने आधी बाहेरच्या वळणरस्त्यावर यायचे व तेथून हव्या त्या विभागात जायचे, सायकलस्वाराने मात्र सरळ पुढे निघायचे. बंदी इच्छित ठिकाणी पोहोचण्यावर नव्हती, आरपार जाण्यावर होती, आणि योजनेची खरी मेख तीच. त्यासाठी पाडापाडी करावी लागली नाही. मुख्यतः एकेरी वाहतुकीच्या पाट्यांनी काम भागले. धंदा बुडेल म्हणून दुकानदारांनी कडाडून विरोध केला, पण नगरपालिका मागे हटली नाही. पुढे नोर्डरप्लांटसून या उद्यानातून जाणारा रस्ता मोटारींना कायमचा बंद करण्याचा प्रश्न १९९४ साली थेट मतदानाला टाकला गेला, तेव्हा बंदीच्या बाजूने जेमतेम बहुमत मिळाले. म्हणजे ज्या शहराला जन्मजात सायकलवेडे समजले जाते, तेथेही हा निर्णय एकमुखाने झालेला नाही.

भाड्याची सायकल घेणाऱ्या पाहुण्याला दोन गोष्टींची माहिती आधीच असलेली बरी. तेथील अनेक साध्या सायकलींना हाताचा ब्रेक नसतो आणि थांबण्यासाठी पायडल उलटे दाबावे लागते, त्यामुळे गर्दीत बोटे नकळत नसलेला ब्रेक शोधू लागतात. तसेच रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची ओळ दिसली आणि त्यांची टोके आपल्याकडे रोखलेली असली, तर आडव्या वाहतुकीला आधी जाऊ द्यायचे असते. डच लोक या खुणेला शार्कचे दात म्हणतात. काही चौकांत सर्व दिशांच्या सायकलींना एकाच वेळी हिरवा दिवा मिळतो आणि नवख्याला गोंधळ वाटणारी ती सरमिसळ न धडकता सुटते.

शनिवारी फिसमार्क्टवर बाजार भरतो, म्हणून तो दिवस शहरासाठी ठेवावा आणि रविवारी राइटडीप नदीच्या कडेने गार्नवर्ड या पवनचक्कीच्या गावापर्यंत जावे; या वाटेवर चढ नसला तरी समोरचा वारा चढाइतकेच दमवतो. ग्रोनिंगनच्या वाहतूक योजनेतील विभागांची युक्ती पुढे बेल्जियममधील गेंट शहराने एप्रिल २०१७ मध्ये स्वीकारली आणि तेथे पादचारी मध्यभागाभोवती सहा विभाग पाडण्यात आले.